नाजूक हस्ताक्षरी फॉन्ट छापायचाय? आधी कागद ठरवा, फॉन्ट नंतर

चारशे पत्रिका छापून, घड्या घालून, खोक्यात भरून गेल्या. घरची मंडळी पहिली पत्रिका ठेवायला गणपतीच्या देवळात गेली आणि तिथल्या पायरीवर मुलीच्या मावशीनं ती मोठ्यानं वाचली : ‘चि. सौ. कां. हषदा’. रफार गेला होता. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर होता, माझ्या लेझर प्रिंटवरही होता. हातकागदावर स्क्रीन प्रिंटिंग करताना ती केसाएवढी रेघ उमटलीच नाही. फॉन्ट मी निवडला होता, प्रूफ मी काढलं होतं, तेही साध्या कागदावर. पत्रिका पुन्हा छापून दिल्या, माझ्या खिशातून.

सांगलीत पत्रिका, हळदीच्या पाकिटांची लेबलं, दुकानांच्या पाट्या असं सगळं टाइप करणाऱ्याला हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकावं लागतं : “दादा, जरा नाजूक अक्षर टाका की, हातानं लिहिल्यासारखं.” टाकायला काही हरकत नाही. अडचण क्रमाची आहे. सगळे जण आधी मोबाइलवर फॉन्ट पसंत करतात, मग त्यात अख्खा मजकूर बसवतात, मग दुकानात जाऊन कागद निवडतात. प्रूफ बघायची आठवण शेवटी होते, तीही व्हॉट्सॲपवर. खाली दिलेल्या क्रमात कागद आधी येतो, मग मजकूर, मग फॉन्ट, आणि प्रूफ खऱ्या कागदावर. पत्रिकेचं उदाहरण धरलंय, कारण चुका तिथंच जास्त होतात आणि त्या दुरुस्त करायला वेळही तिथंच सगळ्यात कमी असतो.

## टप्पा १ : कागद आणि छपाईची पद्धत पक्की करा

नाजूक अक्षर म्हणजे बारीक रेघ. ती रेघ किती बारीक चालेल हे तुमची आवड ठरवत नाही, कागद आणि शाई ठरवतात. त्यामुळं फॉन्टची यादी उघडण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. कागद कुठला : गुळगुळीत आर्ट कार्ड, साधा बिनचकाकीचा, की खरबरीत हातकागद? छपाई कुठली : ऑफसेट (प्लेटवरून), डिजिटल (थेट प्रिंटरवरून), स्क्रीन (जाळीतून), की फॉइल (चकचकीत पन्नी दाबून)? आणि अक्षर कागदावर गडद उमटणार आहे, की गडद रंगात पांढरं सोडायचंय?

बिनचकाकीचा कागद शाई पितो. शाई कडेनं थोडी पसरते, त्यामुळं बारीक रेघ जाड होते आणि ‘ध’, ‘घ’, ‘ष’ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. हातकागदावर याच्या उलट होतं. त्याच्या खाचांमध्ये शाई पोचतच नाही आणि रेघ मध्येच तुटते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळीच्या धाग्यांमुळं बारीक रेघेला दातेरी कड येते, आणि रेघ फारच बारीक असेल तर ती जाळीवर उघडतच नाही. फॉइलमध्ये बारीक रेघ अर्धवट चिकटते, तर जवळजवळच्या दोन रेघा एक होऊन जातात.

सगळ्यात बारीक रेघेसाठी मी हाताशी धरलेले आकडे असे आहेत :

गुळगुळीत कार्डावर ऑफसेट : ०.१ मिलिमीटर
साध्या कागदावर ऑफसेट : ०.१५ मिलिमीटर
गडद रंगात पांढरं सोडलेलं अक्षर : ०.२ मिलिमीटर
गुळगुळीत कार्डावर स्क्रीन किंवा फॉइल : ०.२ मिलिमीटर
हातकागदावर स्क्रीन : ०.३५ मिलिमीटर

हे कामातून बसलेले आकडे आहेत, कुठलं प्रमाण म्हणून धरू नका. तुमचा छापणारा ‘मी यापेक्षा बारीक काढतो’ म्हणाला तर त्यानं तशाच कागदावर छापलेला नमुना हातात घेऊन बघा. नमुना नसेल तर वरचेच आकडे धरा.

जपून : दुकानात पत्रिका पसंत करताना तिच्यावरचं ‘शुभविवाह’ बघून फॉन्ट ठरवू नका. ते बहुतेक वेळा आधीच फॉइलमध्ये, मोठ्या आकारात छापून आलेलं असतं. तुमचा मजकूर त्यावर नंतर, दुसऱ्याच पद्धतीनं उमटणार असतो.

## टप्पा २ : मजकुरातले कुठले शब्द नाजूक, ते आधी ठरवा

पत्रिकेचा मजकूर कागदावर लिहून घ्या आणि पेननं फक्त नाजूक होणाऱ्या शब्दांना गोल करा. वधू-वरांची नावं, ‘शुभविवाह’ आणि फार तर खालची ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ ही चिमुकल्यांची ओळ. संपलं.

मुहूर्त, तारीख, वार, कार्यालयाचा पत्ता, फोन नंबर, निमंत्रकांची यादी हे सगळं साध्या, सरळ फॉन्टमध्ये. यावर गिऱ्हाईकाशी दरवेळी वाद होतो. “सगळं एकसारखं दिसू दे की.” पण पत्रिका बघायला फक्त पुण्यातली भाची नसते. जतच्या वाडीवर चष्मा न लावता वाचणारे आजोबाही असतात, आणि त्यांना १२ वाजून ३५ मिनिटं आहेत का ३९, हे कळायला हवं. हस्ताक्षरी फॉन्टमधले ५ आणि ९ एकदा शेजारी शेजारी टाइप करून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

एका पत्रिकेवर एकच हस्ताक्षरी फॉन्ट. दोन घेतले की पत्रिका दोघांनी मिळून लिहिल्यासारखी दिसते.

हाच नियम इतर कामांनाही. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या पाकिटावर ब्रँडचं नाव नाजूक ठेवा, पण वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि अन्न परवाना क्रमांक साध्याच अक्षरात. ती माहिती कायद्यानं वाचता येण्यासारखीच द्यावी लागते. मिरजेच्या तंतुवाद्य बनवणाऱ्यांसाठी तंबोऱ्याच्या आत चिकटवायच्या चिठ्ठीचं काम आलं, तर कारागिराचं नाव नाजूक अक्षरात फार शोभतं. पण ती चिठ्ठी आगपेटीएवढी आणि ठिकाण अंधारं, म्हणून तिथं नाव सोडून काहीच नाजूक नको.

## टप्पा ३ : फॉन्ट मराठीचा आहे का, हे तपासा

इथं जरा थांबू, कारण निम्मे घोळ इथंच होतात.

पहिला घोळ : इंग्रजी स्क्रिप्ट फॉन्ट उतरवून त्यात मराठी टाइप करणं. ग्रेट व्हाइब्ज किंवा अ‍ॅलेक्स ब्रश हे फॉन्ट दिसायला देखणे आहेत, पण त्यांत देवनागरी नाहीच. तुम्ही मराठी टाइप करता तेव्हा कॉम्प्युटर गुपचूप मंगल किंवा निर्मला लावतो, नाहीतर चौकोन दाखवतो. वरच्या पट्टीत नाव मात्र नाजूक फॉन्टचंच राहतं, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही.

दुसरा घोळ : जुने आणि नवे फॉन्ट मिसळणं. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. गिऱ्हाईकानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारख्याच चालणाऱ्या नव्या पद्धतीत असतो. तो तसाच जुन्या फॉन्टमध्ये चिकटवला की गोंधळ होतो. मग ऑपरेटर बघून बघून पुन्हा टाइप करतो आणि त्यात आत्याचं आडनाव बदलतं. नवं काम युनिकोड फॉन्टमध्येच करा. जुनाच फॉन्ट हवा असेल तर कन्व्हर्टरनं मजकूर बदला, आणि नंतर प्रत्येक ओळ मूळ मजकुराशी ताडून बघा, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी.

मोफत मिळणाऱ्या युनिकोड फॉन्टांपैकी हस्ताक्षराच्या जवळ जाणारे कलम, अमिता, तिल्लाना आणि डेक्को हे गुगल फॉन्ट्सवर आहेत. त्यांचा परवाना खुला आहे, धंद्याच्या छपाईला चालतात. कलम हा इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट, लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन वजनांत (म्हणजे रेघेच्या जाडीत) मिळतो. तो पेननं भराभर लिहिल्यासारखा आहे. फार नाजूक नाही, पण छापायला खंबीर. मला विचाराल तर साध्या कागदावरच्या पत्रिकेला याच्यापुढं जाऊच नये. अमितामध्ये बोरूची जाड-बारीक चाल आहे, त्यामुळं त्याच्या बारीक जागा आधी मोजाव्या लागतात. कुठूनतरी उतरवलेल्या फॉन्टवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेलं असेल, तर तो गिऱ्हाईकाच्या कामाला वापरू नका.

आता चाचणी. फॉन्ट लावून या दोन ओळी जशाच्या तशा टाइप करा :

कृष्णाकाठच्या साऱ्या आप्तेष्टांनी ज्ञानेश्वर-हर्षदाच्या लग्नाला अगत्य यावे, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे.

॥ श्री ॥ चि. सौ. कां. ऋद्धी, लक्ष्मण, विठ्ठल, रुक्मिणी, हृषीकेश, पद्मा, ॲड., डॉ., सर्वांचे शुभाशीर्वाद.

आणि हे बघा :

‘साऱ्या’मध्ये र आडवा, य ला चिकटलेला हवा. हा र नीट आला नाही तर तो रफार होऊन डोक्यावर चढतो आणि ‘आचाऱ्यांना’ चे ‘आचार्यांना’ होतात. लग्नात आचारी आणि आचार्य दोघंही असतात, पण मानपानाचा कागद वेगळा असतो.

‘विठ्ठल’, ‘ऋद्धी’, ‘पद्मा’ यांतली जोडाक्षरं पाय मोडून तर येत नाहीत ना? काही फॉन्टमध्ये पाय मोडलेलं चालून जातं, पण नवऱ्या मुलाच्या नावातच हलंत दिसत असेल तर दुसरा फॉन्ट घ्या.

‘सर्वांचे’ यात रफार आणि अनुस्वार शेजारी येतात. दोन्ही वेगवेगळे दिसतात, की एकमेकांत मिसळून ठिपका होतो?

‘ॲ’ जुन्या फॉन्टमध्ये पुष्कळदा नसतोच. ‘॥’ही आहे का ते बघा.

ल आणि श मराठी वळणाचे आहेत का? आपल्याला पाकळीचा ल आणि देठाचा श लागतो. बरेच फॉन्ट मुळात हिंदी वळण दाखवतात. मराठी वळण आत दडलेलं असतं, आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की ते बाहेर येतं. भाषा बदलूनही ल, श बदलले नाहीत, तर त्या फॉन्टमध्ये ते बहुधा नाहीत.

तपासा : किती, विनंती, निमंत्रक हे शब्द टाइप करून बघा. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडं जाऊन बसली, तर दोष फॉन्टचा नाही, सॉफ्टवेअरचा आहे. इलस्ट्रेटर, इनडिझाइन आणि फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठी वेगळा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) असतो, ‘वर्ल्ड-रेडी’ किंवा ‘साउथ एशियन’ अशा नावाचा. तो चालू करा. कोरलड्रॉ एक्स-सिक्सच्या आधीचं असेल तर युनिकोड मराठीशी झगडत बसू नका, नवी आवृत्ती वापरा.

## टप्पा ४ : सगळ्यात बारीक जागा मोजा

हे काम कुणीच करत नाही. पाच मिनिटं लागतात.

नावं १०० पॉइंटमध्ये टाइप करा. कर्व्ह करा, म्हणजे मजकुराचे नुसते आकार करा (कसं ते टप्पा सातमध्ये). आता झूम करून सगळ्यात बारीक जागा शोधा. ती बहुतेक रफाराच्या शेवटी, वेलांटीच्या वळणावर, ‘कृ’च्या खालच्या शेपटीत किंवा मात्रेच्या टोकाला सापडते. शिरोरेषा सहसा बरी असते, म्हणून ती बघून समाधान मानू नका. त्या जागी पातळ चौकोन काढून त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये वाचा.

समजा १०० पॉइंटला ती ०.४५ मिलिमीटर आली. मग ४० पॉइंटला ०.१८ आणि २४ पॉइंटला ०.११. म्हणजे गुळगुळीत कार्डावर ऑफसेट असेल तर २४ पॉइंट जेमतेम चालेल. त्याच कार्डावर फॉइल हवी असेल तर ४५ पॉइंटच्या खाली जाता येणार नाही. हातकागदावर स्क्रीन म्हटलं तर ७८ पॉइंट लागतील, आणि ‘चि. सौ. कां. हर्षदा’ ७८ पॉइंटमध्ये नेहमीच्या पत्रिकेच्या रुंदीत बसत नाही. माझी चारशे पत्रिकांची गोष्ट या एका गुणाकारात संपली असती.

हिशेब बसला नाही तर तीन वाटा आहेत. फॉन्टचं जाड वजन घ्या. नाहीतर कागद किंवा पद्धत बदला. नाहीतर अक्षराच्या रंगाचीच बारीक बाह्यरेषा द्या. ०.१ मिलिमीटरची बाह्यरेषा दिली तर ती निम्मी आत, निम्मी बाहेर जाते, म्हणजे रेघ दोन्ही बाजूंना मिळून तेवढीच, ०.१ मिलिमीटरनं, जाड होते. कोपरे गोल ठेवा, नाहीतर टोकांना काटे येतात. पण बाह्यरेषा देऊन झाल्यावर अनुस्वार बघा. तो मात्रेला चिकटला असेल तर उचलून थोडा वर घ्या.

जपून : फोटोशॉपमधलं खोटं बोल्ड आणि खोटं इटॅलिक वापरू नका. ते जाड जागा आणखी जाड करतं आणि तिरकं केलेलं देवनागरी, वाऱ्यानं कललेल्या उसासारखं, सगळंच एका बाजूला झुकलेलं दिसतं.

## टप्पा ५ : मांडणी

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी पत्रिकांवर अक्षरं सुटी सुटी ठेवायची पद्धत आहे, ती बघून लोक मराठीत तेच करतात. मराठीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. शब्दांमध्ये मात्र थोडी जास्त जागा द्या, कारण हस्ताक्षरी फॉन्टमध्ये ‘ी’ची शेपटी पुढच्या शब्दावर वाकते.

ओळींमधलं अंतर सढळ ठेवा. अक्षर ३० पॉइंट असेल तर ओळीपासून ओळ ४५ पॉइंटच्या आसपास. वरच्या ओळीतला उकार, रुकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी, रफार एकाच पट्टीत येतात. वरच्या ‘कृष्णा’ची शेपटी खालच्या ‘हर्षदा’च्या रफारात अडकली की दोन्ही वाचता येत नाहीत. प्रोग्रामनं आपोआप दिलेलं अंतर इंग्रजीच्या अंदाजानं असतं. ते हातानं बदला.

मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवायचा नाही. मधोमध ठेवा. बसत नाही म्हणून अक्षर आडवं दाबायचंही नाही. दाबलं की उभे काने बारीक होतात आणि आडव्या रेघा तशाच राहतात, म्हणजे टप्पा चारचं मोजमाप वाया जातं. बसत नसेल तर दोन ओळी करा.

काही फॉन्टमध्ये शेवटच्या अक्षराला लांब झोकदार शेपटी देता येते. एका नावाला एकच द्या. दोन्ही नावांच्या दोन्ही टोकांना शेपट्या दिलेली पत्रिका मी पाहिली आहे, मोहरमच्या ताबुतासारखी सजली होती.

## टप्पा ६ : रंग

बारीक अक्षर एका शाईत छापा, निदान एक शाई तरी शंभर टक्के असू द्या. चार रंगांतून बनवलेला सोनेरी म्हणजे ठिपक्यांची नक्षी असते. जाड पट्ट्यात ती कळत नाही, बारीक रेघेत मात्र रेघच ठिपक्यांची होते. सोनेरी हवा असेल तर सोनेरी शाई किंवा फॉइल घ्या आणि टप्पा एकचे आकडे पुन्हा बघा.

काळं अक्षर फक्त काळ्या शाईचं, शंभर टक्के. चारही शाया मिसळून ‘गडद काळा’ केला तर एखादी प्लेट केसभर सरकली तरी रेघेला गुलाबी किंवा निळी सावली दिसते. मरून चालतो, कारण त्यात गुलाबी शाई पूर्ण भरलेली असते. गडद मरूनमध्ये पांढरं नाजूक अक्षर सोडणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार आहे. शाई पसरते ती अक्षराच्याच दिशेनं. तिथं एक वजन जाड घ्याच.

आणखी एक : रेघ जितकी बारीक, तितका तोच रंग फिका दिसतो. हळदीच्या पिवळ्यावर केशरी नाव स्क्रीनवर खुलतं, पण छापल्यावर शोधावं लागतं.

## टप्पा ७ : कर्व्ह करा, पण आधी एक प्रत ठेवा

छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट असेलच असं नाही. म्हणून मजकुराचे आकार करून पाठवायचे. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. त्याआधी टाइप केलेली फाइल वेगळ्या नावानं ठेवा. कर्व्ह केल्यावर आडनावातली चूक दुरुस्त करता येत नाही, आणि आडनावातली चूक हटकून कर्व्ह केल्यावरच सापडते.

कर्व्ह झाल्यावरची मेख अशी. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते, म्हणजे जोड दिसू नये. कर्व्ह केलेली अक्षरं तुम्ही ‘कम्बाइन’ केली तर ही चढलेली जागा भोक म्हणून धरली जाते आणि शिरोरेषेवर बारीक पांढरे तुकडे दिसतात, जणू उंदरानं कुरतडलीय. तिथं कम्बाइन नको, ‘वेल्ड’ करा. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं ‘युनाइट’. शब्द एकसंध आकार होतो. मग वायरफ्रेममध्ये (नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात) बघा : अक्षरांच्या मध्ये एकही आडवी-उभी रेघ उरता कामा नये.

अक्षराला पारदर्शकपणा किंवा बाह्यरेषा द्यायची असेल तर ती वेल्ड झाल्यावरच. आधी दिली तर प्रत्येक सांध्यावर गडद डाग किंवा रेघ दिसते.

तपासा : कर्व्ह केलेली फाइल आणि मूळ फाइल एकावर एक ठेवून बघा. अनुस्वार, रफार, विसर्ग मोजा. हो, खरंच मोजा. मी पेन्सिलीनं टिक करत जातो.

## टप्पा ८ : प्रूफ

प्रूफ खऱ्या आकारात, खऱ्या कागदावर आणि शक्य असेल तर खऱ्या पद्धतीनं. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला त्याच कागदाचे दोन तुकडे जास्तीचे देऊन ठेवा. फ्रेम तयार झाली की पहिले दोन ठसे त्यावर काढून दाखवायला सांगा. तुळशीचं लग्न झालं की सीझन लागतो, सगळे घाईत असतात, पण ठसा बघितल्याशिवाय ‘काढा’ म्हणू नका.

ठसा स्वतः वाचू नका. तुम्हाला मजकूर पाठ असतो, डोळे गेलेला रफार भरून घेतात. ज्यानं मजकूर कधी पाहिला नाही अशा माणसाला द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. घरातली साठीपुढची व्यक्ती सगळ्यात उत्तम. वाचताना जिथं अडखळली तिथं पेन्सिलीची खूण करा. काय अडलं ते विचारू नका, खूण पुरेशी असते. त्यानंतर हात लांब करून, संध्याकाळच्या घरातल्या दिव्यात पुन्हा वाचायला सांगा.

पावसाळ्यात ठसा लगेच वाचू नका. सांगलीत श्रावणात हवा इतकी ओली असते की कागद ओलावा धरतो आणि शाई सावकाश वाळते. चांगली वाळू द्या, मग बोट फिरवा. बारीक रेघ बोटाबरोबर फरफटत आली तर पत्रिका घडी घालताना काय होईल ते समजून घ्या.

## टप्पा ९ : तेच अक्षर फोनवर, फ्लेक्सवर आणि काचेवर

छपाईची फाइल तशीच व्हॉट्सॲपवर टाकू नका. फोटो दाबला जातो आणि बारीक रेघा धूसर होतात. फोनसाठी उभी १०८० बाय १९२० पिक्सेलची वेगळी प्रत करा. नावं मोठी, बारीक जागा निदान तीन पिक्सेल, मागं फुलांचा फोटो नको. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कार्यालयाच्या दारावरचा फ्लेक्स लांबून वाचायचा असतो. दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर हा पाट्यांचा ढोबळ हिशेब. नाजूक फॉन्टला मी दुप्पट धरतो. तीस फुटांवरून वाचायचं तर सहा इंच. रस्त्याकडेच्या पाटीवर, जिथं माणूस मोटारसायकलवरून जाता जाता वाचणार, तिथं हा फॉन्ट वापरूच नका.

काचेवर किंवा गाडीवर रेडियम कटिंग (रंगीत चिकट पट्टीतून अक्षरं कापणं) करायचं तर बारीक जागा दीड मिलिमीटरच्या वर हवी. त्याहून बारीक पट्टी फालतू भाग सोलून काढताना सोबत उचलली जाते. इथं वेल्ड विसरलात तर मशीन प्रत्येक अक्षराच्या जोडावर कापतं आणि ‘श्री’चे चार तुकडे हातात येतात. सुटे अनुस्वार काचेवरून आधी निघतात, म्हणून ते मूळ आकारापेक्षा जरा मोठे ठेवा.

## काम झाल्यावर

२०१९ च्या पुरात माझा जुना कॉम्प्युटर पाण्यात गेला. फायलींच्या प्रती दुसरीकडे होत्या, फॉन्ट नव्हते. नंतर एका घरात धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, थोरलीसारखीच पत्रिका हवी होती. फाइल उघडली तर सगळीकडे चौकोन. तेव्हापासून प्रत्येक कामाच्या एकाच फोल्डरमध्ये चार गोष्टी ठेवतो : टाइप केलेली फाइल, कर्व्ह केलेली पीडीएफ, फॉन्टची फाइल त्याच्या परवान्यासकट, आणि ज्या ठशावर ‘ठीक आहे’ अशी सही झाली त्याचा फोटो. फोल्डरच्या नावात कागद आणि पद्धत लिहितो, ‘हातकागद-स्क्रीन’ किंवा ‘आर्टकार्ड-फॉइल’. पुढच्या वेळी गिऱ्हाईक तीच पत्रिका दाखवून “कागद तेवढा बदला” म्हणालं, की ते नाव वाचून मोजपट्टी पुन्हा बाहेर काढायची.